पहिल्या तारखेची यादी

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. नामपूरच्या शिवारात, मोसमच्या पात्रापासून थोडं आत, उन्हाळ कांद्याच्या वावरात तुम्ही बांधावर बसला आहात असं धरा. लाईटीची पाळी या आठवड्यात रात्रीची. मोटार चालू आहे, पाणी वाफ्यात शिरलंय, आणि वाफा भरून पुढचं दारं मोडेपर्यंत तुम्हाला काही काम नाही. एवढा मोकळा वेळ दिवसा कुणाला मिळत नाही. तो आपण थोड्या मननासाठी वापरू.

या मननाला डोळे मिटायची गरज नाही. रात्रीच्या शिवारात डोळे मिटून बसावं असे दिवसही राहिले नाहीत. बिबट्या आज कुठल्या उसात आहे हे कुणी सांगावं! तेव्हा डोळे उघडे ठेवा, आणि स्टार्टरच्या पेटीकडे बघा. तीन फेजचे तीन बारके दिवे आहेत, लाल, पिवळा आणि निळा. तिन्ही लागलेले असतील तर काळजी नाही. त्यांच्याकडे बघत एकच प्रश्न मनात धरा, आणि उत्तराची घाई करू नका. हा करंट आला कुठून?

पहिलं उत्तर सोपं आहे. डीपीवरून आला. डीपीला सबस्टेशनवरून. सबस्टेशनच्या मागे उंच मनोरे, आणि मनोऱ्यांच्या मागे मन अडखळतं. अडखळू द्या. तारांच्या जाळ्यात वीज एकदा शिरली की ती कोळशाची, धरणाची, वाऱ्याची की अणूची, हे कुणालाच वेगळं काढून दाखवता येत नाही. देशातल्या एकूण विजेत अणूचा वाटा जेमतेम तीन टक्के. पण हे तीन टक्के काही परमुलखातले नाहीत. वायव्येला तोंड करा. मुल्हेरचा किल्ला, त्याच्या मागे साल्हेर, साल्हेरच्या पलीकडे डांगचं रान, आणि ते रान उतरलं की तापीचं खोरं. तिथे काकरापार. पक्ष्याच्या वाटेने शंभर-सव्वाशे किलोमीटर असेल. सातशे-सातशे मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या तिथे २०२३ आणि २०२४ साली व्यापारी तत्त्वावर चालू झाल्या. आता थोडं डावीकडे, नैर्ऋत्येला वळा. सह्याद्री उतरून पालघर जिल्ह्यात, समुद्राला लागून, तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ पासूनचं.

तारापुरापाशी थांबू. तिथली गोष्ट जरा सावकाश ऐकण्यासारखी आहे.

१९६३ साली भारत आणि अमेरिकेचा करार झाला. दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभ्या केल्या. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम तीस वर्षं अमेरिकाच देणार, असं ठरलं. समृद्ध युरेनियम म्हणजे ज्यात फुटणाऱ्या जातीच्या अणूंचं प्रमाण निसर्गात असतं त्यापेक्षा वाढवलेलं आहे असं; त्याच्यावाचून त्या भट्ट्या चालत नाहीत. मग १८ मे १९७४ ला पोखरणला भारताने अणुस्फोट केला. अमेरिकेत संताप उसळला, १९७८ मध्ये त्यांनी कायदाच बदलला, आणि ज्या देशाने आपल्या सगळ्या अणुस्थानांची तपासणी मान्य केलेली नाही त्याला इंधन द्यायचं नाही असं ठरवलं. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बऱ्याच विरोधातून शेवटचा पुरवठा मंजूर करून घेतला. त्यानंतर तो दरवाजा बंद.

भट्ट्या मात्र बंद पडल्या नाहीत. १९८२ मध्ये तोडगा निघाला की इंधन फ्रान्स देईल. अमेरिकेने त्याला हरकत घेतली नाही. जो माल आपण देऊ शकत नाही तो दुसऱ्याने दिला तर आपली अब्रूही राहते, असा तो व्यवहार. फ्रान्सने १९९३ पर्यंत दिलं आणि मग त्यांनीही हात आखडता घेतला. आणि १९९५ च्या सुरुवातीला तारापूरला इंधन आलं ते चीनकडून.

इथे थांबा. दारं मोडायची वेळ झाली असेल तर मोडून या, पण परत आल्यावर हेच वाक्य पुन्हा मनात आणा. ज्या चीनशी १९६२ साली युद्ध झालं, ज्याच्याशी सीमा आजही ठरलेली नाही, ज्याने पाकिस्तानला अणुभट्ट्या दिल्या, त्या चीनच्या युरेनियमवर तारापूर चाललं. मुंबईच्या, ठाण्याच्या, सुरतेच्या घरांत त्या विजेचा काही अंश पोचला असणार. कुणाच्याही पंख्याला ते कळलं नाही. आपल्यालाही फारसं कळलं नाही, कारण वर्तमानपत्रात अशी बातमी आतल्या पानावर येते.

चीनने ते का दिलं असावं? मनाला लगेच दोन उत्तरं सुचतील. एक, मैत्रीचा हात. दुसरं, काहीतरी कपट. दोन्ही बाजूला ठेवून बघा. पैसे मिळाले. जबाबदार पुरवठादार म्हणून नाव मिळालं. आणि त्या काळात दोन्ही देशांना सीमेवर शांतता हवी होती. १९९३ मध्ये प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झालेला होता. एवढी कारणं पुरेशी आहेत. चीनला आपण आवडू लागलो असं कुठेच नव्हतं. पुढे २००१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये इंधन रशियाने दिलं. समुद्रकाठचं ते एकच केंद्र, आणि एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या चार देशांनी त्याला आळीपाळीने पोसलं.

आता त्या व्यवहारात विश्वासाचं काम कोण करत होतं, हे जवळून पाहू. तारापूरच्या या दोन भट्ट्या १९७१ पासून व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. या संस्थेचं एक जुनं साधन आहे, धातूचं सील. लहानशी, दोन तुकड्यांची डबी. लावण्याआधी तिच्या आतल्या बाजूला वेडेवाकडे ओरखडे काढतात आणि त्यांचा फोटो घेऊन ठेवतात. मग ज्या पेटीचं किंवा दाराचं तोंड बंद ठेवायचं तिथून तार ओवून ती डबी दाबून बसवतात. एकदा बसली की फोडल्याशिवाय उघडत नाही. काही महिन्यांनी तपासनीस येतो, तार कापतो, डबी खिशात घालून व्हिएन्नाला नेतो. तिथे ती उघडून आतले ओरखडे फोटोशी ताडून बघतात. जुळले तर मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही.

या डबीवर मन थोडं टेकवा. तपासनीसाला तुमच्या देशाचं धोरण पटतं का, असं तिथे कुणी विचारत नाही. तुम्ही सज्जन आहात का, हेही नाही. ओरखडे जुळले का, एवढंच. मला स्वतःला या कोरडेपणात मोठा दिलासा वाटतो. गावकीत आपण माणसाचं मन ओळखण्यात फार वेळ घालवतो, आणि बहुतेक वेळा चुकतो.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. ती याच्या उलट आहे, कारण तिथे सीलही नाही आणि तपासनीसही नाही.

३१ डिसेंबर १९८८. इस्लामाबाद. राजीव गांधी सार्क परिषदेसाठी तिथे गेलेले, समोर नुकत्याच पंतप्रधान झालेल्या बेनझीर भुट्टो. त्यांच्या उपस्थितीत दोन्ही देशांच्या परराष्ट्र सचिवांनी, आपल्याकडून के. पी. एस. मेनन आणि त्यांच्याकडून हुमायून खान यांनी, मोजक्या कलमांच्या एका करारावर सह्या केल्या. एकमेकांच्या अणुस्थानांवर हल्ला करायचा नाही, दुसऱ्याकडून करवायचा नाही, त्याला हातभार लावायचा नाही. आणि दर वर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुस्थानांची यादी एकमेकांना द्यायची, अक्षांश-रेखांशांसह.

यामागची भीती खरी होती. १९८१ साली इस्रायलने इराकची ओसिराक भट्टी बाँब टाकून उद्ध्वस्त केली होती. त्यानंतर कहुटाच्या अणुकेंद्रावर भारत असंच काही करणार अशी कुजबुज पाकिस्तानात होती, आणि तसं झालं तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं काय, ही चिंता इकडे. १९८५ च्या डिसेंबरात पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झिया उल हक दिल्लीला आले तेव्हा राजीव गांधींचं आणि त्यांचं असे हल्ले न करण्यावर तोंडी एकमत झालं. कागदावर यायला तीन वर्षं लागली, अमलात यायला आणखी दोन. २७ जानेवारी १९९१ ला करार लागू झाला. पहिली यादी १ जानेवारी १९९२ ला दिली-घेतली गेली.

अक्षांश-रेखांश या दोन शब्दांवर सावकाश जा. आपल्याला जी जागा सगळ्यात जास्त जपायची, जिच्या भोवती काटेरी तारा आणि बंदूकधारी जवान, तिचा नकाशावरचा नेमका बिंदू आपण स्वतः होऊन वैऱ्याच्या हातात देतो. दिल्लीत आणि इस्लामाबादेत, राजनैतिक मार्गाने, एकाच दिवशी. यादीत काय काय आहे ते जाहीर होत नाही. पण करारात अणुवीज केंद्रं, संशोधन भट्ट्या, इंधन बनवण्याचे कारखाने हे सगळं मोडतं. तेव्हा तारापूर त्यात असणार, आणि साल्हेरपलीकडचं काकरापारही.

मनात शंका येईल. यादी पूर्ण असते कशावरून? एखादी जागा दडवली तर? शंका रास्त आहे, आणि ती दोन्हीकडच्या जाणत्यांनी वर्षानुवर्षं बोलूनही दाखवली आहे. या करारात तपासणीची सोयच नाही. म्हणजे ओरखडे जुळवायला कुणी बसलेलं नाही. तरीही यादी जाते. का जाते, यावर मी बराच विचार केला. मला सापडलेलं कारण साधं आहे: ती द्यायला फारसं काही लागत नाही. कुणाला भेटायचं नाही, हसायचं नाही, फोटो काढून घ्यायचा नाही, काश्मीरवर एक इंचही मागे सरायचं नाही. अधिकाऱ्याने पाकीट द्यायचं, पाकीट घ्यायचं. संसदेत कुणी उठून 'शत्रूशी हातमिळवणी' म्हणावं असं त्यात काही उरतच नाही. आणि न देण्याचा परिणाम मात्र भयंकर असू शकतो. भट्टी फुटली तर किरणोत्सर्गाची धूळ वाऱ्यावर जाते. उन्हाळ्यात नामपूरला पश्चिमेचा वारा सुटला की अंगणातली धूळ कुठवर जाते ते तुम्ही पाहिलेलं आहे. वाघा-अटारीच्या फाटकाशी तो वारा पासपोर्ट दाखवत नाही.

आता काही तारखा मनात आणा, एकेक करून, मधे श्वास घेऊन.

१३ डिसेंबर २००१, संसदेवर हल्ला. दोन्हीकडची लाखोंची फौज सीमेवर. १ जानेवारी २००२ ला यादी गेली.

२६ नोव्हेंबर २००८, मुंबई. तेव्हा आपण सगळे तीन दिवस टीव्हीपुढून हललो नव्हतो. नामपूरच्या चौकातही लोक दुकानातल्या टीव्हीपुढे उभे असायचे. पाच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ ला, यादी गेली.

कारगिल, पठाणकोट, उरी, पुलवामा. यादी जात राहिली.

२०२५. एप्रिलात पहलगाम, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर. चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन. त्या दिवसांत मोबाईलवर किराणा हिल्सची चर्चा पेटली होती; आपण पाकिस्तानच्या अण्वस्त्रांच्या कोठारावर बाँब टाकला, तिथे गळती झाली, अशा क्लिप घरोघरी फिरत होत्या. १२ मे च्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांनी किराणा हिल्सवर आम्ही मारा केलेला नाही असं स्वच्छ सांगितलं. व्हिएन्नाच्या संस्थेनेही गळती झाल्याचं नाकारलं. टपरीवर काहींचा विरस झाला. आणि १ जानेवारी २०२६ ला यादी गेली, सलग पस्तिसावी.

इथे मनाला फुशारकी सुटू देऊ नका. कागद टिकतातच असं नाही. १९६० चा सिंधू पाणीवाटप करार तीन युद्धांतून तरला होता. पहलगामनंतर, २३ एप्रिल २०२५ ला, भारताने तो स्थगित केला. हरणबारी धरणाच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्या माणसाला पाण्याच्या कराराचं वजन वेगळं सांगायला नको. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालायला ही वेळ नाही. एवढंच लक्षात घ्या की ज्याला सगळ्यात पक्का मानत होतो तो करार थांबला, आणि ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही तो चालू राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या अणुस्थानांवर हल्ले केले. त्यातल्या नतांझला व्हिएन्नाच्या तपासनिसांची ये-जा होती. सीलने बाँब अडत नाही.

या उदास जागी फार वेळ बसायला नको. वाफा भरला का ते बघा.

आता एक अगदी वेगळं चित्र घेऊ. युक्रेनमधलं झापोरिझिया. सहा भट्ट्यांचं, युरोपातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या फौजेने ते ताब्यात घेतलं. भट्ट्या बंद आहेत, पण बंद भट्टीलाही आतली उष्णता काढायला पाणी खेळतं ठेवावं लागतं आणि त्या पंपांना बाहेरून वीज लागते. वीज पिकवणारा कारखाना, आणि त्याचीच मोटार लाईटीवाचून अडून बसलेली! २३ सप्टेंबर २०२५ ला बाहेरून येणारी शेवटची तार तुटली. जवळपास महिनाभर डिझेल जनरेटरवर निभावलं. आघाडीच्या रेषेवर, जिथे तार तुटली तिथे, दोन्हीकडून तोफा. मग व्हिएन्नाच्या संस्थेने मधे पडून तेवढ्या पट्ट्यापुरती युद्धबंदी ठरवून घेतली. ऑक्टोबरात दुरुस्ती झाली, २३ तारखेला लाईट आली.

तुम्ही वायरमनला खांबावर चढताना पाहिलेलं आहे. चढण्याआधी तो सबस्टेशनला फोन करून परमिट घेतो. परमिट म्हणजे या फिडरवरचा प्रवाह बंद केला आहे आणि मी खाली उतरून सांगेपर्यंत तो चालू होणार नाही, असा शब्द. झापोरिझियात तसंच परमिट दोन फौजांकडून घ्यावं लागलं. फरक इतकाच की इथे खटका दाबणारा माणूस वायरमनच्याच खात्यातला असतो. तिथे एका बाजूचा खटका अशा सैन्याच्या हातात होता ज्याने काल त्या वायरमनच्या गावावर बाँब टाकले होते. तरी त्याने खटका बंद ठेवला. तार जोडून होईपर्यंत, तेवढ्याच पट्ट्यात. युद्ध पुढे चालू राहिलं.

या 'तेवढ्याच' शब्दापाशी मला तुम्हाला आणायचं होतं. आपण समेटाची कल्पना फार मोठी करून ठेवतो. भावकीतला बांधाचा वाद मिटवायचा तर आधी मनं जुळली पाहिजेत, गळाभेट झाली पाहिजे, जेवणावळ उठली पाहिजे, असं आपल्याला वाटतं, आणि तसं होत नाही म्हणून पाट चाळीस वर्षं तसाच फुटका राहतो. वैर कायम ठेवून पाट दुरुस्त करता येतो, हे सुचायला थंड डोकं लागतं.

पण ज्यात फायदा उघड दिसतो त्या गोष्टी जरा जास्त लवकर जमतात, हेही खरं. नाशिक जिल्ह्यातलंच घ्या. नामपूरहून सटाणा, देवळा, चांदवड करत लासलगावला गेलात तर तिथे कृषक नावाचं केंद्र आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारलेलं. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण ठराविक मात्रेत कांद्यावरून गेले की आतल्या कोंबाची वाढ थांबते. कांदा किरणोत्सर्गी होत नाही. फक्त चाळीत कोंब फुटत नाहीत. हे कोबाल्ट देशातल्याच अणुभट्ट्यांत तयार होतं. आता बघा, मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले. पोखरणनंतर तुटलेला अणुसहकार्याचा धागा जोडायची बोलणी चालू होती. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. कुठल्या भट्ट्या नागरी आणि कुठल्या लष्करी, ही विभागणी ठरवताना त्यांचा शब्द मोलाचा होता. बावीसपैकी चौदा भट्ट्या नागरी ठरल्या. तो करार जाहीर करतानाच बुश यांनी अमेरिकेला भारतीय आंबे खायला मिळणार असल्याचंही सांगितलं. बऱ्याच वर्षांची आंब्यावरची बंदी उठणार होती. अट एकच, आंब्यातली कीड गॅमा किरणांनी निकामी केलेली हवी. म्हणून २००७ च्या एप्रिलात हापूस-केशरच्या पेट्या निघाल्या त्या आधी लासलगावच्या केंद्रातून गेल्या, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तपासनीसाच्या डोळ्यादेखत. ज्या देशाने अणूवरून आपलं इंधन तोडलं, त्याच देशाचा माणूस आपल्या अणूच्या खोलीबाहेर उभा राहून आंबे मोजत होता. कांद्याच्या केंद्राचं नाव झालं ते आंब्यामुळे, हे कांदेवाल्यांच्या नशिबाला धरूनच झालं.

कांद्याचा विषय निघालाच आहे तर पाकिस्तानकडे पुन्हा वळू. वैरी म्हणून तो बातम्यांत दिसतो. नामपूरच्या बाजार समितीच्या आवारात तो भावात दिसतो. दुबईत, कोलंबोत, क्वालालंपूरला आपला कांदा महाग झाला की गिऱ्हाईक पाकिस्तानच्या कांद्याकडे वळतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि मे २०२४ पर्यंत राहिली, तेव्हा ती गिऱ्हाइकं कुणाच्या पदरात पडली हे कसमादे पट्ट्यातल्या कुठल्याही आडत्याला विचारा. आणि २०१० च्या डिसेंबरात उलटं झालं होतं. अवकाळीने आपला कांदा सडला, दिल्लीत भाव भडकले, आणि वाघा सीमेवरून पाकिस्तानी कांद्याचे ट्रक आत आले. महिन्याभरात तिकडेही भाव चढले, तसा पाकिस्तानने जमिनीवरून होणारी निर्यात थांबवली. कांद्याला तारीख लागू नाही, भाव लागू आहे. म्हणून तो कधी येतो, कधी थांबतो. यादी मात्र भावाशिवाय जाते.

आता शेवटच्या टप्प्याला या. हा जरा जड आहे.

१ जानेवारीला दोन देशांत एकच यादी दिली-घेतली जात नाही. २००८ च्या दुसऱ्या एका करारान्वये त्याच दिवशी एकमेकांच्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्याही दिल्या जातात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने आपल्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार असल्याचं कळवलं. भारताच्या यादीत पाकिस्तानचे ८१ होते.

यातले काही पालघर जिल्ह्यातले असतात. डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं हंगामात गुजरातच्या ओखा-पोरबंदरला बोटीवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात बांध घातलेला नाही. मासळीमागे बोट सरकते, पाकिस्तानची गस्ती नौका धरते, आणि कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षं जातात. शिक्षा काही महिन्यांची असते, ती संपूनही माणूस तिथेच राहतो, कारण नागरिकत्वाची खातरजमा, कागद, परवानगी.

म्हणजे एकाच जिल्ह्याची नोंद एकाच दिवशी दोन पाकिटांत. एकात तारापूरचे अक्षांश-रेखांश. दुसऱ्यात तारापुरापासून थोड्याच अंतरावरच्या पाड्यातल्या कुणाचं तरी नाव. पहिली यादी आपण दिली, दुसरी त्यांनी.

हे दोन कागद शेजारी ठेवून बघा आणि उत्तर शोधायची घाई करू नका. भट्टीच्या यादीने वर्षाला एक पाकीट मागितलं आणि ते मिळालं. त्या यादीत ज्यांची नोंद आहे त्यांच्या बाबतीत कुणाला काही करायचं नव्हतं. न करणं हाच करार. मच्छीमाराच्या यादीत मात्र नाव लिहून काम संपत नाही. कुणीतरी किल्ली फिरवावी लागते, बस ठरवावी लागते, अटारीला माणूस उतरवून घ्यावा लागतो. कधी सद्भावनेचा मोसम आला की शंभर-दोनशे जण एकदम सुटतात. तो मोसम येईपर्यंत थांबतात. अणूच्या बाबतीत दोन्ही सरकारांनी सद्भावनेवर काहीच सोपवलेलं नाही. माणसाच्या बाबतीत बरंच काही तिच्यावरच सोडून दिलंय.

मच्छीमारांची यादी वर्षातून दोनदा निघते, १ जानेवारीला आणि १ जुलैला. बोटी पावसाळी बंदीनंतर पुन्हा समुद्रात जातात त्या ऑगस्टात.